चापाची नथ चालत नाही

माझ्या मुलीचं नाक दोनदा टोचलं. दोन्ही वेळा मी तिच्या मागं उभा होतो. पहिल्या वेळी मी जे केलं त्यानं तिचं ठरलेलं लग्न अडलं. दुसऱ्या वेळचं पुढं येईलच.

मी रसायनीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. घर खालापूरच्या अंगाला, गावात. थोडी भातशेती आहे, ती चुलतभाऊ करतो. मुलगी कर्जत रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला बसते. स्थळ आलं ते दहिवलीचं. मुलगा पनवेलला नोकरीला, घरात आई-वडील आणि तो, एवढंच. साखरपुड्यानंतर दोघं फोनवर बोलायला लागली. संध्याकाळी ती गच्चीवर जायची आणि तिच्या हसण्याचा आवाज खाली यायचा. आमच्याशी बोलताना ती इतकी कधी हसल्याचं मला आठवत नाही. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर जे काही तिनं सोसलं ते त्याच्यासाठी सोसलं.

साखरपुड्यात मुलाच्या आईनं एक नथ सगळ्यांना दाखवली. जुनी, बसऱ्याच्या मोत्यांची, चांगली वजनदार.

"ही माझ्या सासूबाईंची," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात मंगळसूत्र गळ्यात पडतं तेव्हा ही नाकात असते. चापाची नथ आमच्यात चालत नाही हं. नाक टोचून घ्यावं लागेल."

माझ्या मुलीचं नाक टोचलेलं नव्हतं. आता कुणाचं असतं? लग्नापुरती चापाची नथ लावतात आणि जेवायच्या आधी काढून ठेवतात. पण मुलगी हसत म्हणाली, "टोचते की." आणि मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

त्यात काय होतं ते मला त्या मांडवात बसलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. सुई बघितली की मी पडतो. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा पडलो, नोकरीला लागताना तपासणीत पडलो. आधी जांभई येते. मग तळहात ओले होतात, माणसांचे आवाज लांब जायला लागतात, जसं कुणी दार ओढून घेतंय, आणि मग काही नाही. एवढ्या वर्षांत मी त्यावर माझे उपाय शोधले. कारखान्यात दरवर्षी रक्त तपासायला घेतात. मी आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी पितो आणि खुर्चीत बसलो की मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरतो, सोडतो, पुन्हा आवळतो. त्यानं चक्कर थोपते. अगदीच वाटलं तर "पाठ दुखते हो, जरा आडवा होतो" असं सांगून खाटेवर झोपून रक्त देतो. आडव्या माणसाला चक्कर येत नाही. हे सगळं मी कुणाला कधी सांगितलं नाही. बायकोलाही नाही. घरात माझा दरारा होता. माझ्या हाताखाली पंचवीस-तीस माणसं काम करतात, असल्या माणसानं सुईला भिऊन कसं चालेल?

मुलगी शाळेत असताना गुडघ्याला पत्रा लागला म्हणून तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. ती दवाखान्याच्या बाकावरच कलंडली. मी बाहेरून आत आलो आणि तिला म्हणालो, "पुळचट कुठली." मी बाहेर का थांबलो होतो, ते तिला कसं कळणार?

नाक टोचायला कर्जतच्या बाजारपेठेतल्या सोनाराकडे जायचं ठरलं. पार्लरमध्ये गननं टोचतात ते मुलाच्या आईला पसंत नव्हतं. "गननं नाक पिकतं. तारेनंच टोचायचं." त्या स्वतः येणार होत्या. त्यांच्याबरोबर मुलगाही आला, आमच्याकडून आम्ही तिघं. मुलगी सकाळपासून काही खाऊन आली नव्हती. उपास होता असं नाही, घाई झाली म्हणून. रिकाम्या पोटी जायचं नसतं हे मला माहीत होतं. मी तिला वडापाव खा म्हणून सांगू शकलो असतो. पण मग का, असं तिनं विचारलं असतं.

सोनारानं तिला उंच स्टुलावर बसवलं. डाव्या नाकपुडीवर पेननं ठिपका काढला. सोन्याची तार घासून टोकदार केली होती, ती त्यानं हळदीच्या तेलात बुडवली. दुकान भरलेलं होतं. मंगळसूत्र बदलायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. मुलीनं एक जांभई दिली.

त्या जांभईला मी ओळखलं. तिथंच मी म्हणायला हवं होतं की थांबा, हिला खाली झोपवा. तार नाकात शिरली आणि मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, ऐकू येत नाही."

ती मागं कलली ती माझ्या अंगावर. मी काय करावं? मी तिला जमिनीवर सोडायला हवं होतं. लादीवर सरळ आडवी केली असती तर ती पाच-दहा श्वासांत उठून बसली असती. पण साडी नेसलेली मुलगी, होणारी सासू समोर, होणारा नवरा समोर, दुकानात बायका, आणि ती लादीवर हातपाय पसरून पडणार? मी तिच्या काखेत हात घातले आणि तिला उभी बसवून ठेवली. मान लटकली तर ती पण एका हातानं वर धरली. घट्ट धरली. आणि मग तिचे हात उडायला लागले. डोळ्यांची बुबुळं वर गेली. दात वाजले.

"अगं बाई! फिट आली हिला!" कुणीतरी म्हणालं.

मुलाच्या आईनं पायातली चप्पल काढली. आमच्याकडे फेफरं आलं की चप्पल हुंगवतात, नाहीतर कांदा. कांदा तिथं कुठला असणार? त्यांनी चप्पल माझ्या मुलीच्या नाकाशी धरली. त्याच नाकाशी, ज्यात तार अर्धी अडकलेली होती. सोनार "मावशी, थांबा, थांबा" म्हणत तार ओढून काढत होता. रक्ताचा एक थेंब ओठावर आला. माझी बायको "सोडा तिला, निजवा तिला" असं ओरडत होती. मी सोडलं नाही. मी माझ्या मांड्या आवळून उभा होतो, कारण तो रक्ताचा थेंब मला दिसला होता.

शुद्धीवर आली तेव्हा चप्पल अजून तिच्या तोंडासमोर होती. तिनं आधी चप्पल बघितली, मग ती कुणाच्या हातात आहे ते बघितलं. मग सावरून साडीचा पदर नीट केला. मुलगा दुकानाच्या दाराशी उभा होता. तो आत आला नाही.

त्याच दुपारी कर्जतमधल्याच एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला तपासलं आणि म्हणाले, "ही फिट नाही. साधी चक्कर आहे, सुईची. पुष्कळांना येते, आणि बऱ्याचदा घराण्यात असते. पण चक्कर आलेल्या माणसाला आडवं करायचं असतं. मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून तर तो पडतो. तुम्ही उभं धरून ठेवलंत म्हणून झटके आले. कुणी धरलं होतं?"

"मी," मी म्हणालो.

"प्रेमापोटी धरतात हो लोक," डॉक्टर म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघितलं.

दोन-तीन दिवसांनी आम्हा नवरा-बायकोला दहिवलीला बोलावणं आलं. चहा झाला. मुलाचे वडील कमी बोलणारे, बोलायचं काम मुलाच्या आईचं.

"भाऊ, आम्हाला स्पष्ट सांगा. मुलीला फिट येते ना?"

"नाही हो. डॉक्टरांनी तपासलंय. साधी चक्कर आहे. तुम्ही स्वतः विचारा त्यांना."

"डॉक्टर काय, तुमच्या बाजूनंच बोलणार. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. हात असे असे उडत होते."

मग मुलाचे वडील पहिल्यांदा बोलले. "घराण्यात कुणाला आहे का असं काही? ते सांगा. ते महत्त्वाचं."

तो क्षण मला विसरता येत नाही. मला म्हणायचं होतं की मलाच आहे. चांगला पन्नाशीचा माणूस मी, कारखाना चालवतो, मला काही झालेलं नाही, तिलाही काही होणार नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि मी म्हणालो, "आमच्या घराण्यात नाही. हिच्या माहेरी कुणाला असलं तर कल्पना नाही."

बायको माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातात कपबशी होती. ती कपबशी हलली नाही. ती म्हणाली, "माझ्या एका मावशीला व्हायचं असं. पण ते काय नाय एवढं, लगेच बरं वाटायचं."

तिची अशी कुठलीही मावशी नव्हती.

"हां," मुलाची आई म्हणाली. "म्हणजे आजोळकडून आहे." आणि त्यांनी अट घातली. मोडत नाही म्हणाल्या, मुलाचं मन आहे. पण पुन्हा टोचायचं. त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर. सोनार घरी येईल. मुलगी पडली नाही तर पुढच्या तयारीला लागू. पडली तर कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

परत येताना चौक फाट्यावर उतरून दुसरी रिक्षा धरायची होती, तिथं बायकोनं एवढंच विचारलं, "माझ्या माहेरात अजून काय काय टाकणार हाय तुमी?"

मी म्हणालो, "वेळ मारून नेली गं."

मुलीनं अट ऐकली आणि "ठीक आहे" म्हणाली. मुलाचा फोन आला होता तिला. तो म्हणाला होता, "आईचं समाधान होऊ दे ना एकदा. एकच मिनिटाचं काम आहे." तिनं मला विचारलं, "बाबा, न पडायला काय करतात?"

मी तिला सगळं शिकवलं. आधी पोटभर खायचं, लिंबूसरबतात मीठ जरा जास्त घालून प्यायचं. दम कोंडून धरायचा नाही. सुईकडे बघायचं नाही, समोर एखादी वस्तू धरायची आणि तिच्याकडे बघत राहायचं. आणि मुख्य म्हणजे मांड्या, पोटऱ्या, मुठी आवळायच्या, चेहरा तापेपर्यंत, मग सोडायच्या, मग पुन्हा. जांभई आली की समजायचं, आता येतेय, आता जोर लावायचा.

"जांभई येते हे तुम्हाला कसं माहीत?"

"मोबाईलवर वाचलं."

"एवढं नीट?"

"बस तू. आवळ."

नुसतं शिकवून भागणार नाही, सुई प्रत्यक्ष टोचल्याशिवाय काय उपयोग, असं मला वाटलं. बायकोला साखर आहे. घरात बोटातून रक्त काढायची मशीन आहे, पेनासारखी, खटका दाबला की सुई लागते. रोज ड्युटीवरून आलो की मी मुलीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचो आणि तिच्या बोटाला ती लावायचो. पहिल्या दिवशी ती पांढरी पडली आणि खुर्चीतून घसरायला लागली.

"बस सरळ! जमिनीवर जायचं नाय."

"बाबा, थोडं झोपू दे."

"तिथं कोण झोपू देणार हाय तुला? सासू चटई टाकणार हाय? बस म्हणतो ना!"

बायको आतून आली. "अवो, निजू द्या की तिला. डाक्टरनं सांगितलं ना निजवायचं."

"तू आत जा."

"माझी साखर बघताना कवा खोलीत थांबला नाय तुमी. आज मोठे डाक्टर झालात?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी खटका दाबताना भिंतीकडे बघायचो. माझ्याही मांड्या आवळलेल्या असायच्या. मुलगी खुर्चीत, मी खुर्चीसमोर, दोघंही आवळून बसलेलो, आणि त्यातलं एकटंच घाबरट होतं असं आम्ही ठरवलेलं. तिच्या दहाही बोटांवर बारीक ठिपके आले. रिसॉर्टमध्ये एका पाहुण्यानं तिला विचारलं म्हणे, शिवणकाम करता का. हळूहळू ती पडेनाशी झाली. पांढरी व्हायची, ओठ मिटायची, पण बसून राहायची. मी म्हणायचो, "शाब्बास." शाब्बास म्हटल्यावर ती हात माझ्या हातातून काढून घ्यायची, इतक्या घाईनं की जणू पुढची सुई त्या शब्दातच आहे. नंतर नंतर मी ओटीवर चपला काढल्याचा आवाज आला तरी ती मुठी आवळायची. ते मी बघितलं होतं. तरी थांबलो नाही. मला वाटत होतं मी तिचं लग्न वाचवतोय.

ठरल्या दिवशी दहिवलीला गेलो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्ची मांडली होती, पाठ सरळ असलेली. सोनार तोच होता, त्याला बिचाऱ्याला यायचं नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "ताई, खाटेवर पडून टोचूया का? काय फरक पडत नाही."

"नको," मुलाची आई म्हणाली. "बसूनच. मांडवात काय खाटेवर बसणार आहे का ती?"

मुलगा खिडकीशी उभा होता. त्यानं मुलीकडे बघून थोडं हसल्यासारखं केलं. मुलीनं त्याच्या शर्टाचं एक बटण धरलं, डोळ्यांनी, आणि त्याच्यावरच नजर ठेवली.

मी मागं उभा राहिलो. सोनारानं ठिपका काढला. जुनी जखम भरून तिथं एक कडक गाठ झाली होती. तो म्हणाला, "इथं चामडी जाड झालीय, जोर लागेल." तार आत गेली आणि अडली. त्यानं पुन्हा दाबली. मुलीच्या गळ्यातून एक आवाज आला, कुत्र्याचं पिल्लू दारात चेंगरल्यावर येतो तसा. तिच्या मानेवरचे केस घामानं चिकटले. मला तिच्या मांड्या साडीतून दिसत होत्या, दगडासारख्या झालेल्या, मग सैल, मग पुन्हा दगड. माझ्याही तशाच. सोनारानं तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तार आरपार गेली. त्यानं ती वळवून टोक मिटवलं.

ती पडली नाही.

"उठून दाखव," मुलाची आई म्हणाली.

ती उठली.

"दारापर्यंत जाऊन ये."

ती दारापर्यंत जाऊन आली. नाकपुडी लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते नाक टोचलं की येतंच. ती उभी होती. मुलानं एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "झालं बाबा एकदाचं."

सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. मुलाच्या आईनं स्वतःच्या हातानं तिला साखर भरवली. पोहे आले. हळद कधी, मांडव कुठला, असं बोलणं सुरू झालं. बायकोचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा बघितला. मुलगी मुलाच्या बाजूच्या खुर्चीवर बसली आणि तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला तेव्हा तिला हसू आलं, नाक दुखल्यामुळे अर्धंच.

आणि मुलाची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, मानलं बरं का तुम्हाला. एवढं मागं उभे राहिलात, पापणी लवली नाही तुमची. पोरगी तुमच्यावर गेली. आजोळचा तेवढा गुण घेतला, बाकी बापासारखी घट्ट आहे."

बायकोनं खाली बघितलं आणि पोह्यांत चमचा फिरवला.

मला ते सहन झालं नाही. का ते मी नंतर पुष्कळ शोधलं. बायकोवर मी घातलेला आळ तिच्या तोंडावर, माझ्या कौतुकात गुंडाळून तिला परत दिला जात होता, म्हणून. किंवा तसं नाही. सगळं नीट झालं होतं, धोका टळला होता, आता खरं बोलायला काही लागत नाही, असं मला वाटलं. मनावरचं ओझं फुकटात उतरवायची संधी दिसली.

मी म्हणालो, "वहिनी, एक सांगू का? खरं म्हणजे हे माझ्याकडूनच आलंय. मलाच येते चक्कर सुईनं. लहानपणापासून. हिच्या माहेरी कुणाला काही नाही."

मी थोडं हसलोही. मला फार हलकं वाटलं.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"पण मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "ह्याच खोलीत."

"हो. तेव्हा जरा..."

"तेव्हा तुम्ही यांच्या माहेरावर ढकललंत. आणि ह्या म्हणाल्या, मावशीला व्हायचं."

"नाय, ते..." बायको म्हणाली आणि थांबली.

"म्हणजे बापाला आहे, मुलीला आहे," मुलाची आई म्हणाली. "उद्या नातवंडांना पण. आणि तुम्ही दोघंही तोंडावर खोटं बोललात. आणखी काय काय झाकलंय?"

मी खूप बोललो त्यानंतर. डॉक्टरांचं सांगितलं, साधी गोष्ट आहे म्हणालो, कारखान्यातलं रक्त देणं, पाठदुखीचं निमित्त, सगळं सगळं सांगितलं. जेवढं सांगत गेलो तेवढा मी त्यांना जास्त खोटारडा दिसत गेलो. एवढी वर्षं रक्ताच्या माणसांपासून हे लपवणारा माणूस! मुलगा मुलीकडे बघत नव्हता. आई आत निघून गेली होती, तो त्या दाराकडे बघत होता.

मुलगी खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "चला बाबा."

सहा आसनी रिक्षात आम्ही मागच्या बाकावर. मुलगी कडेला बसली, नाकाला रुमाल धरून. नदीवरचा पूल ओलांडला. मग बायको बोलली, रस्त्याकडे बघत, हळू आवाजात, जणू रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये.

"मला लग्नाच्या वर्सापासून माहीत हाय. तुमी पडता ते."

मी समोरची दांडी धरली.

"मी गिळलं. मावशी पैदा केली मी. तुमाला एवढं एक गिळता आलं नाय? अजून म्हयनाभर? लगीन होस्तवर?"

"मला वाईट वाटलं गं, तुझ्यावर आलं म्हणून."

"माझ्यावर येऊ द्यायचं होतं. माझ्यावर येऊन काय बिघडलं होतं?"

मुलीनं रुमाल काढून बघितला. त्यावर तेल आणि थोडं रक्त होतं. तिनं तो घडी करून पुन्हा नाकाला लावला.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. ती गच्चीवर गेली नाही, अंगणातच उभी राहून बोलली. फार वेळ नाही बोलली. आत आली तेव्हा मी दारातच होतो.

"काय म्हणाला?"

"आई नाही म्हणतेय म्हणाला."

"तो स्वतः काय म्हणतो?"

"तो म्हणाला, तुझ्या बाबांनी गप्प बसायला हवं होतं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो."

त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही. मी वाट बघत होतो भांडणाची. एक-दोनदा मी माफी मागायला तिच्या खोलीच्या दारात गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, परत सुरू करू नका." नाकातली तार तिनं काढली नाही. नाक पिकलं, पुन्हा बरं झालं. तार फिरवून तेल लावायचं काम बायको करायची, तिला जमिनीवर आडवी झोपवून. मी त्या वेळी खोलीत नसावं हे कुणी मला सांगितलं नव्हतं, पण मी नसायचो.

आता दुसरी स्थळं येतात. परवा कळंबोलीकडचं एक यायचं होतं. आदल्या दिवशी बायको माझा डबा भरता भरता म्हणाली, "उद्या तुमी सेकंड शिफ्ट घ्या."

"पाहुणे दुपारी येणार ना?"

"म्हणून तर."

"बाप घरात नसेल तर बरं दिसेल का?"

"कामावर हाय म्हणून सांगू. माझा भाव येणार हाय, तो बसंल बोलायला."

मुलगी पलीकडे इस्त्री करत होती. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे त्यांना. तिनं साडीची घडी उलटवली आणि दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवायला लागली.

मी सेकंड शिफ्ट घेतली. संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा मी प्लांटमध्ये होतो, आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून बाहेर गेटपाशी आलो.

"आले होते," ती म्हणाली. "माणसं बरी वाटली. घराण्यात काय दुखणं-बिखणं हाय का, इचारलं."

"मग?"

"भावानं सांगितलं, काय नाय."

"बरं," मी म्हणालो.

"तुमाला इचारत होते, बाप कुटं हाय. पुढच्या वेळी भेटू म्हणाले."

"मग पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळचं बघू," ती म्हणाली. "मी ठेवते. पोरीला जेवाय वाढायचं हाय."